एकाच बोअरचे दोन रिपोर्ट, आणि दोन्ही वेळी बाटल्या भरणारा मीच

अक्कलकोटनाका | ११ मे, रात्री १०.२०

मंडळी, इथे मी कायम वाचनमात्र. आज लिहायला बसलो कारण मावशीने भाकरी वाढता वाढता विचारलं, "तुझ्या कंपनीनं किती घेतले रे?" आणि घास घशातच अडकला.

प्रकरण असं आहे. मावशीच्या कॉलनीला लागून एक डाइंग युनिट, म्हणजे सूत रंगवायचा कारखाना आहे, बरीच वर्षं बंद. जागा विकून तिथे घरं बांधायची बोलणी सुरू झाली तेव्हा घेणाऱ्याने आधी जमिनीखालचं पाणी तपासा म्हणून सांगितलं. ते काम आमच्याकडे आलं. आवारात चार निरीक्षण बोअर घेतले. साठ फुटी, आत दोन इंची पीव्हीसी, खालच्या वीस फुटांत फटी पाडलेला पाइप, भोवती धुतलेली वाळू, तिच्यावर बेंटोनाइटचं, म्हणजे पाण्यात फुगणाऱ्या मातीचं बूच आणि वर सिमेंट. बो-१ चढाच्या बाजूला, म्हणजे पाणी जिकडून येतं असा अंदाज आहे तिकडे. बो-२ आणि बो-३ जुन्या रंगाच्या हौदांच्या उतरत्या अंगाला. बो-४ कॉलनीच्या कुंपणाजवळ.

जानेवारीतली पहिली फेरी: बो-३ मध्ये एकूण क्रोमियम लिटरला ०.४१ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, मर्यादा ०.०५. म्हणजे आठपट. रिपोर्टचा फोटो कॉलनीच्या ग्रुपवर गेला (कसा गेला ते विचारू नका). एप्रिलमधली दुसरी फेरी: त्याच बोअरला ०.०३. मर्यादेच्या आत. कॉलनीचा निष्कर्ष एका शब्दाचा: सेटिंग.

दोन्ही वेळी बाटल्या मी भरल्या. सेटिंग कुणी केलं नाही. चूक मी केली, आणि ती जानेवारीत.

त्या दिवशी सोलापुरात सिद्धेश्वर यात्रेचा अक्षता सोहळा होता. दुपारपर्यंत संमती कट्ट्यावर पोचायचं होतं. हातात एक लिटरचा बेलर, म्हणजे खाली झडप असलेली लांब नळी, दोरीला बांधून सोडायची. पाणी पाइपच्या तोंडापासून ५.२० मीटरवर. तेरा मीटर पाण्याचा स्तंभ, दोन इंची पाइपात मीटरला जेमतेम दोन लिटर, म्हणजे आत पंचवीस लिटर. पाइपात साचून राहिलेलं पाणी म्हणजे खडकातलं पाणी नव्हे, म्हणून आधी निदान तिप्पट उपसायचं असा जुना नियम. पंच्याहत्तर वेळा बेलर. मी वीस वेळा काढला. तोही सावकाश नाही, दणकन आपटत. तळाचा गाळ ढवळून वर आला, पाणी चहासारखं दिसत होतं. तसंच बाटलीत भरलं, बाटलीत आधीच नायट्रिक ॲसिड होतं, झाकण लावलं, निघालो.

एप्रिलमध्ये साहेब सोबत होते आणि छोटा बॅटरीवरचा पंप होता. पाण्याची पातळी ६.८५ मीटर. पंप फटीच्या पाइपाच्या मध्यावर अलगद सोडला आणि मिनिटाला २०० मिलीने चालवला. पातळी सहा सेंटीमीटरच उतरली, दहाच्या आत ठेवायची असते. दर पाच मिनिटांनी वाचन. गढूळपणा ३१०, मग ९६, ३१, १४, ९, ९. विद्युतवाहकता, म्हणजे क्षार किती विरघळलेत त्याचा अंदाज, ३१२० वरून उतरत २६९० ला येऊन टेकली. पीएच, ऑक्सिजन, सगळे आकडे लागोपाठ तीनदा जवळपास तेच आले तेव्हा पस्तीस मिनिटं झाली होती. मग भरलं. पाणी काचेसारखं.

तर प्रश्न दोन. कॉलनीला हे कसं समजावू? आणि ०.०३ वर माझा स्वतःचा तरी विश्वास बसावा का?

शेंगाचटणी | ११ मे, रात्री १०.४१

अक्षतेला पोचलास का पण?

अक्कलकोटनाका | ११ मे, रात्री १०.४४

पोचलो. तेच तर दुखणं आहे.

कुंभारीकर | ११ मे, रात्री ११.०५

राग नका मानू, मी असल्याच एका कॉलनीत राहतो म्हणून विचारलालोय. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, मधले दिवस बोअरवरच. ॲक्वागार्ड कुणाकडं हाय, कुणाकडं नाही. आता तुम्ही म्हणालात गेल्या टायमाला चुकलं, आता बरोबर झालं. आम्ही कशावरून मानायचं? आकडा जास्त आला की चूक आणि कमी आला की बरोबर, हे लई सोयीचं हाय की ओ. आणि अजून एक. ते जे पाणी उपसलं म्हणालात, ते टाकलं कुठं?

बीकरवाली | १२ मे, सकाळी ८.१५

कुंभारीकर, पहिल्या प्रश्नाला पूर्ण गुण, दुसऱ्याला जास्तीचे.

नाका, जानेवारीच्या रिपोर्टात लोह आणि ॲल्युमिनियम आहे का? असलं तर दोन्ही फेऱ्यांचे आकडे टाक. आणि नमुना गाळला होता का, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून? पाण्यापेक्षा या दोन गोष्टींवरून जास्त कळेल.

अक्कलकोटनाका | १२ मे, दुपारी १.३०

बो-३, जानेवारी: लोह १६५, ॲल्युमिनियम १४०. एप्रिल: लोह ०.२, ॲल्युमिनियम सापडलंच नाही. जानेवारीत गाळलं नव्हतं. एप्रिलमध्ये एक गाळलेली, एक न गाळलेली अशा दोन बाटल्या.

उपसलेलं पाणी: जानेवारीत तिथेच बाजूला, बाभळीखाली ओतलं. एप्रिलमध्ये पिंपात भरलं, पिंप अजून कुलुपात आहे. जानेवारीचं काय सांगू.

बीकरवाली | १२ मे, दुपारी २.१०

मग घ्या, कॉलनीला दाखवायचा पुरावा रिपोर्टातच आहे. लिटरभर पाण्यात १६५ मिलिग्रॅम लोह विरघळून राहत नाही, निदान नेहमीच्या पीएचच्या पाण्यात तर नाहीच. ते मातीचं लोह आहे. आपली काळी माती बेसॉल्टची लेक, तिच्यात किलोला शंभर मिलिग्रॅमच्या आसपास क्रोमियम निसर्गतःच असतं. चार ग्रॅम गाळ बाटलीत गेला, ॲसिडने त्यातलं क्रोमियम सोडवलं, की ०.४ आलंच. त्या बाटलीत पाण्याचा नाही, चिखलाचा रिपोर्ट होता. मशीन खोटं बोललं नाही, त्याला जे पाजलं तेच त्याने सांगितलं.

आता कुंभारीकरांचा मुद्दा. कमी आकडा आपोआप खरा होत नाही, हे शंभर टक्के मान्य. ०.०३ हे *एकूण* क्रोमियम. त्यातलं षटसंयुजी किती, म्हणजे क्रोमियम-६, ते तपासलं का? घातक ते आहे. क्रोमियम-३ मातीला चिकटून बसतं, ६ पाण्याबरोबर चालत जातं.

अक्कलकोटनाका | १२ मे, दुपारी २.२६

यादीतच नव्हतं. यादी वरून आली होती.

रंगारी_साखरपेठ | १२ मे, रात्री ९.५०

मी चाळीस वर्षं डाइंग मास्टर होतो, या जागी नाही पण असल्याच ठिकाणी. यादी करताना कुणी जुन्या माणसाला विचारलं का?

जुन्या काळी व्हॅट आणि सल्फरचे रंग सुतावर पक्के करायला, हवेने भागत नसे तेव्हा बायक्रोमेट घालायचे. नारिंगी खडे. आमच्या हाताची कातडी त्याने फाटायची, नाकात जखमा व्हायच्या. म्हणजे क्रोमियम-६ च की ते. पुढे रिॲक्टिव्ह रंग आले, बायक्रोमेट सुटलं आणि मीठ आलं. साधं मीठ नाहीतर ग्लॉबर सॉल्ट. रंगाच्या पाण्यात लिटरला पन्नास-साठ ग्रॅम. रंग सुताला लागतो, मीठ सगळंच्या सगळं गटारात जातं.

म्हणून पाणी लाल-निळं दिसत नाही म्हणजे स्वच्छ, असं समजू नका. हवा न लागता पडून राहिलं तर अझो जातीचे रंग फुटतात, रंग जातो, आणि त्यातून निघणारी अमाइन्स नावाची रसायनं उघड्या डोळ्यांना दिसत नाहीत. मीठ मात्र कुठं जात नाही. वाहकता, क्लोराइड, सल्फेट, सोडियम बघा. डाइंगचं पाणी कुठवर गेलं ते मीठच सांगेल.

आणि बॉयलर होता का? डिझेलची टाकी जमिनीत पुरलेली असायची पुष्कळ ठिकाणी.

बीकरवाली | १२ मे, रात्री १०.०८

मास्तर, दंडवत.

नाका, मग यादीत भर घाल. क्रोमियम-६ ची बाटली वेगळी, तिच्यात ॲसिड नाही. ॲसिड पडलं की ६ चं ३ होतं आणि तू आनंदाने घरी जातोस. जागेवरच गाळायची, बर्फात ठेवायची, चोवीस तासांच्या आत तपासणीला लागली पाहिजे. लॅब पुण्यात असेल तर दुपारी भरून रात्रीच्या गाडीला. सकाळी भरून दिवसभर जीपमध्ये तापवायची नाही.

डिझेलसाठी ४० मिलीच्या काचेच्या कुप्या, आत हवेचा एक बुडबुडाही नको. उलटी करून टिचकी मारून बघ. या कुप्या सगळ्यात आधी भरायच्या. आणि पंपाला जनरेटर लावणार असशील तर तो वाऱ्याच्या खालच्या बाजूला, लांब. नाहीतर बेंझीन येईल ते तुझ्याच जनरेटरचं.

काळापाषाण | १३ मे, सकाळी ६.४०

उशिरा आलो, पण इथे सगळे रसायनाबद्दल बोलताहेत आणि खडकाबद्दल कुणीच नाही. भूजलाच्या नोकरीत आयुष्य गेलं, त्यामुळे जरा लांबण लावतो.

पाणी अमुक दिशेने वाहतं हे तुम्हाला कुणी सांगितलं? "नाल्याच्या चढाच्या बाजूला" हा अंदाज झाला. चारही पाइपांच्या तोंडावर खूण कोरा, डंपी, म्हणजे उंची मोजायची दुर्बीण, लावून त्या खुणांची एकमेकांशी तुलनेत उंची काढा, मग चारही ठिकाणची पातळी एकाच दिवशी, तासाभरात मोजा. तीन बोअरवरून उतार काढता येतो, चौथा पडताळ्याला. आणि हे सकाळी सहा ते आठ करू नका, तेव्हा सगळ्या कॉलनीच्या मोटारी चालू असतात. पातळी मोटारीकडे झुकलेली दिसेल. किंवा मुद्दाम दोन्ही वेळा मोजा, तेच जास्त शिकवेल. बो-१ खरोखर चढाला नसेल तर तुमची तुलनाच बसकण मारते.

दुसरं. तुमच्या मावशीचा बोअर किती खोल? अडीचशे फूट असेल, आणि केसिंग वरच्या पंचवीस-तीस फुटांना. खाली उघडा खडक. आपल्याकडे वर काळी माती, मग मुरूम, मग फुटका काळा पाषाण, मध्येच मांजऱ्या, म्हणजे बारीक पोकळ्यांचा खडक, लाव्हाच्या दोन प्रवाहांच्या मध्ये कुठे लाल गेरूचा थर. पाणी खडकातून झिरपत नाही, भेगेतून येतं. तीस फुटांवर दोन बोअर घेतले, एक कोरडा आणि एक वाहता, हे सोलापुरात कुणाला नवीन नाही. साठ फुटी निरीक्षण बोअर वरच्या भेगांचं पाणी दाखवतो. मावशीच्या बोअरला चार-पाच भेगांचं मिसळलेलं पाणी येतं. त्यामुळे बो-४ स्वच्छ म्हणजे मावशीचा नळ स्वच्छ असं होत नाही, आणि उलटही होत नाही. मावशीचं पाणी वेगळं तपासा. टाकीतलं नको. मोटार पंधरा मिनिटं चालवा आणि टाकीच्या आधीच्या तोटीतून घ्या.

बोअर घेतल्यावर नीट फ्लशिंग, म्हणजे हवा मारून गाळ बाहेर काढणं, झालं होतं का? कंप्रेसरची गाडी हात धुऊन निघून गेली असेल, तर तो गाळ अजून तळाशी आहे.

अक्कलकोटनाका | १३ मे, सकाळी ९.१२

काका, गाडीने अर्धा तास हवा मारली आणि दुसऱ्या साइटवर गेली. पाइपांच्या उंच्या काढलेल्याच नाहीत. तुमचा प्रतिसाद साहेबांना जसाच्या तसा पाठवला. ते "हं" म्हणाले. त्यांचा "हं" म्हणजे पुष्कळ असतं.

कुंभारीकर | १३ मे, रात्री ८.३०

काळापाषाण काका, आमची पण मोटार सहालाच सुरू होते ओ, खरंय.

नाका, तुमच्या कॉलनीवाल्यांना एक सांगा. तिसरी फेरी कराल तेव्हा त्यांची दोन माणसं तिथं उभी करा. पातळी त्यांनी वाचायची, वहीत त्यांनी लिहायचं. सह्या घ्या. बाटलीच्या पट्टीवर पण सही. मग बघतो कोण सेटिंग म्हणतंय.

काळापाषाण | १४ मे, सकाळी ६.३५

हे उत्तम. एवीतेवी बाटली कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेली याचा कागद लागतोच, वेळेसकट. आणि कॉलनीने लेखी अर्जही करून ठेवावा. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केलेत. संशयित जागेची यादी जिल्हा प्रशासनाकडून राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जाते आणि मंडळाला प्राथमिक तपासणीला नव्वद दिवस आहेत. खाजगी रिपोर्टवर भांडत बसण्यापेक्षा ते बरं.

शेंगाचटणी | १४ मे, सकाळी ७.०२

नव्वद दिवसांत अर्धा पावसाळा निघून जाईल, काका.

काळापाषाण | १४ मे, सकाळी ७.१०

जाऊ दे. पावसाआधीचं आणि नंतरचं, दोन्ही पाणी बघायलाच हवं. एका मोसमावर मी कधी सही केली नाही.

अक्कलकोटनाका | ३ जून, रात्री ११.४८

तिसरी फेरी झाली. हात दुखताहेत, पण लिहूनच झोपतो.

गेल्या आठवड्यात चारही बोअरचं परत फ्लशिंग केलं. बो-३ मधून आधी तासभर चॉकलेटी पाणी. पाइपांच्या उंच्या काढल्या. काका, बो-१ चढालाच आहे, पण बो-४ बद्दल तुमचं बरोबर निघालं. मोटारी बंद असताना पाणी नाल्याकडे उतरतं, सकाळी सातला मोजलं तर बो-४ ची पातळी अकरा सेंटीमीटर खाली आणि उतार कॉलनीकडे वळलेला. कुंपणापलीकडच्या दोन मोटारी बंद करायला लावल्या, पाऊण तासात पातळी परत वर. मावशीच्या शेजारच्या अण्णांनी हे स्वतः टेपने वाचलं आणि वहीत लिहिलं. त्यानंतर ते सेटिंग हा शब्द बोलले नाहीत.

क्रम: आधी बो-१, मग ४, मग २, शेवटी ३. स्वच्छाकडून घाणीकडे. प्रत्येक बोअरला नवीन नळी. पंप साबणाच्या पाण्याने, मग डिस्टिल्डने धुतला आणि धुतल्यानंतरचं शेवटचं पाणीही एका बाटलीत घेतलं, पंपाने मागच्या बोअरचं काही पुढे नेलं का ते कळायला. बो-३ ची एक जोडबाटली खोटा नंबर टाकून, लॅबला न सांगता. काचेच्या कुप्यांपैकी तीन बुडबुड्यामुळे फेकल्या. ४३ डिग्रीत कुपीला टिचकी मारत बसलेला माणूस बघायला कॉलनीतली पोरं जमली होती.

हातमोजे दर बोअरला नवे. सनस्क्रीन नाही, त्यामुळे नाक सोललंय.

घोळ एकच. बर्फ. आणलेला बर्फ बो-२ पर्यंतच टिकला. अण्णांच्या मुलाने रसवंतीवरून अर्धी लादी आणली. पिशव्यांत बांधून भरली, बाटल्या पाण्यात तरंगायला नकोत म्हणून. रात्रीच्या गाडीने पेटी पुण्याला.

अक्कलकोटनाका | ४ जून, सकाळी ८.०५

पेटी पोचली. आतलं तापमान ५ डिग्री, सील शाबूत. क्रोमियम-६ साडेआठला लावताहेत. भरल्यापासून सोळा तास.

शेंगाचटणी | ४ जून, सकाळी ८.२०

रसवंतीवाल्याचं नाव रिपोर्टात टाका.

अक्कलकोटनाका | १९ जून, रात्री ९.३५

रिपोर्ट आले. थोडक्यात टाकतो.

बो-३: गाळलेलं क्रोमियम ०.०२, आणि त्यातलं जवळजवळ सगळंच क्रोमियम-६. जोडबाटलीतही तेच. बो-१ मध्ये काहीच नाही. पंप धुतलेलं पाणी कोरं. म्हणजे बीकरवाली ताई, ०.४१ चिखलाचंच होतं, पण हे ०.०२ मातीचं नाही. ते वरून आलंय.

मीठ: वाहकता बो-१ ला ११४०, बो-२ आणि ३ ला २६०० च्या पुढे, सल्फेट आणि सोडियम त्याच प्रमाणात. बो-४ ला १७५०. मास्तर, तुमचं मीठ कुंपणापर्यंत पोचलंय, क्रोमियम अजून नाही. डिझेलवालं काही सापडलं नाही.

मावशीचा बोअर: क्रोमियम नाही, सल्फेट साधारण. पण नायट्रेट ८८. मर्यादा ४५. अण्णांच्या बोअरला ९१.

रंगारी_साखरपेठ | १९ जून, रात्री ९.५८

नायट्रेट डाइंगचं नाही हो. इतकं तर नाहीच.

काळापाषाण | १९ जून, रात्री १०.१५

कॉलनीत ड्रेनेज लाइन आहे की शोषखड्डे?

अक्कलकोटनाका | १९ जून, रात्री १०.१९

शोषखड्डे. प्रत्येक घराला एक. मावशीचा बोअरपासून अठरा फुटांवर.

कुंभारीकर | १९ जून, रात्री १०.३१

म्हणजे डाइंगवाल्याला शिव्या घालत आम्ही सगळे आपल्याच संडासाचं पाणी उकळून प्यालालोय?

बीकरवाली | १९ जून, रात्री १०.३६

उकळून नायट्रेट जात नाही. पाणी आटतं, उलट वाढतं. घरात तान्हं बाळ असेल तर त्याची दुधाची बाटली या पाण्यात अजिबात कालवू नका, हे ग्रुपवर आजच टाका. डाइंगचं मीठ कुंपणावर आहे तेही खरंच, ते सोडून द्यायचं नाही.

अक्कलकोटनाका | १९ जून, रात्री १०.५२

टाकलं. अण्णांचा फोन येऊन गेला, उद्या सकाळी त्यांना खड्ड्यांची अंतरं मोजायची आहेत, टेप घेऊन ये म्हणाले. मावशी बोललीच नाही, फक्त माठातलं पाणी तुळशीला घालून आली. चौथी फेरी ऑक्टोबरात. बर्फ या वेळी दुप्पट नेणार.